दुरुस्तीला दिलेला संगणक आणि खराब झालेले भाग : नागपूरकरांचे अनुभव

मशीन देताना चालू होतं, परत आलं तर बंद. दुकानदार म्हणतो, ‘आधीपासूनच खराब होतं.’ बर्डीपासून मानेवाड्यापर्यंत भांडण हेच असतं. इथे दुकानांची नावं नकोत, रागाचा पाढाही नको. भाग कसा खराब होतो, कोणाच्या हातून झाला हे कशावरून ओळखायचं आणि भरपाई कशी मागायची, तेवढं नेमकं लिहा, असं कारागिरांना आणि जाणकारांना सांगितलं. त्यांनी लिहिलेलं खाली.

बोर्ड दुरुस्ती, सीताबर्डी

सगळ्यात जास्त वाद सॉकेटच्या, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, पिनांवरून. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये १७०० पिना बोर्डावर असतात, एएमडीच्या एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरलाच. एएम४ वर प्रोसेसर आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली पेस्ट वाळून घट्ट झालेली असते. हीटसिंक सरळ वर ओढला की लॉक असतानाच प्रोसेसर उपटून येतो आणि पिना आडव्या होतात. म्हणून मशीन आधी दहा-पंधरा मिनिटं चालवायचं, बंद करून वायर काढायची, हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा आणि मगच उचलायचा. वाकलेली पिन रिकाम्या ०.५ च्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या टोकाने सरळ होते. तुटली तं मात्र काम वाढतं.

इंटेलच्या सॉकेटची एखादी पिन वाकली तरी मशीन सुरू होऊ शकतं, फक्त रॅमचा एक चॅनल (प्रोसेसरशी जोडणारा मार्ग) जातो. १६ जीबी दिली, परत आली ८ जीबी. अशा वेळी भांडायच्या आधी दोन्ही पट्ट्या चालू स्लॉटमध्ये एकेक लावून पाहा. दोन्ही चालल्या आणि दुसरा स्लॉट दोघींनाही ओळखत नसेल, तर दोष पट्टीचा नाही. सॉकेट उघडून टॉर्चखाली बघायला सांगा. जॉब शीटवर (मशीन घेताना दुकान भरतं त्या कागदावर) ‘दोन पट्ट्या, एकूण १६ जीबी, दोन्ही दिसतात’ एवढं लिहिलेलं असेल तर ‘आधीपासूनच’ म्हणायला जागाच राहत नाही.

असेंब्लीचं काम, मानेवाडा

मॉड्युलर एसएमपीएस (केबल सुट्या काढता येतात असा वीजपुरवठ्याचा डबा) बदलताना जुन्या केबल तशाच ठेवणं ही सरळ दुकानाची चूक, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्लग बसतो म्हणून केबल चालते असं नाही. केबलच्या एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनेवर किती व्होल्ट, हे कंपनीगणिक वेगळं असतं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट शिरले की साटा एसएसडी तिथेच संपते. एसएमपीएस बदलल्यावर एकाच दिवशी दोन डिस्क गेल्या तर तो योगायोग नाही. डिस्कसोबत त्या केबलही ताब्यात घ्या, खरा पुरावा त्याच आहेत.

साध्या हार्डडिस्कवर बचावासाठी टीव्हीएस डायोड, म्हणजे जास्तीचा व्होल्टेज स्वतःवर घेणारा छोटा भाग, असतो. तो शॉर्ट होऊन स्वतः मरतो आणि बऱ्याचदा डिस्क वाचवतो. जाणकाराने तो काढला की डेटा काढण्यापुरती डिस्क फिरू शकते. दुकानदाराला दुसरी सर्किट प्लेट नुसती बदलू देऊ नका. जुन्या प्लेटवरची, त्या डिस्कचीच माहिती असलेली रॉम चिप नव्या प्लेटवर हलवल्याशिवाय सहसा उपयोग होत नाही.

लॅपटॉप दुरुस्ती, धरमपेठ

तळाचे स्क्रू दिसायला सारखे, लांबी वेगळी. ४ मिमीच्या जागी ८ मिमीचा कसला तर वर कीबोर्डजवळ फुगवटा येतो किंवा बोर्डाला भोक पडतं. तांबं उघडं दिसलं की कारण स्क्रूच.

बॅटरी जोडलेली असताना स्क्रीनची केबल काढली-लावली तर बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या उजेडाचा) फ्यूज उडू शकतो. काळ्या स्क्रीनवर टॉर्च तिरका मारा. चित्र अंधुक दिसलं तर बहुतेक वेळा पॅनल चांगलं आहे, बदलायला हो म्हणू नका.

दुकानाच्या बाजूने, मेडिकल चौक

आमचंही ऐका भाऊ. एप्रिल ते जून घरोघरी वाळ्याचे कूलर, त्यांच्यासमोरच सीपीयू. ओली हवा आणि पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. हिरवट-पांढरा थर एका रात्रीत येत नाही, तो आमच्या माथी मारू नका. पण ग्राहकासमोर कव्हर उघडून फोटो काढणं हे आमचंच काम आहे. दोन मिनिटं लागतात.

देण्याआधी

रॅम, एसएसडी, बॅटरीचे सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅममधले एसएसडीचे चाललेले तास फोटोत ठेवा. एसएसडी बदलली गेली तर आकड्यावरून लगेच कळतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी-की आधी काढून ठेवा, बोर्ड बदलला की ती मागितली जाते.

कायद्याची बाजू, सिव्हिल लाइन्स

भारतीय करार कायदा १८७२, कलम १५१ : दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती सामान्य शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळेल तशी सांभाळायची. कलम १७० मात्र दुकानदाराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू देतं. म्हणून ठरलेली मजुरी भरा, बिलावर ‘तक्रार कायम ठेवून’ असं लिहून सही करा आणि मशीन सोडवा. बिल नाकारणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. मग लेखी नोटीस, १५ दिवसांची मुदत देऊन. तरी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग : मुदत २ वर्षं, मोबदला (वस्तू-सेवेसाठी दिलेली रक्कम) ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. सोबत दुसऱ्या कारागिराचा सही-शिक्क्याचा अहवाल जोडा, आणि काढलेला जुना भाग पाकिटात सीलबंद ठेवा.