मुंबई ते न्यूअर्क : तुमचे सोळा तास कसे गेले?

आईबाबा जानेवारीत पहिल्यांदाच न्यू जर्सीला येतायत, न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्क विमानतळावर, थेट विमानाने. अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, वेळ सोळा तासांच्या आसपास, एवढं मला ठाऊक आहे. आईने फोनवर एकच विचारलं, "मध्ये कुठे थांबते का रे?" नाही म्हटल्यावर ती गप्पच झाली. ज्यांनी ही खेप केलीय त्यांनी लिहा. तिकिटांचे दर नकोत, ते कुठेही मिळतात.

खिडकीवाली : रात्री दीडला उडालो, सकाळी सातला उतरलो. घड्याळाने साडेपाच तास. कंबरेचा हिशेब वेगळा! हिवाळ्यात वेळेचा फरक साडेदहा तासांचा, उन्हाळ्यात साडेनऊ. रात्र आपल्याबरोबरच पश्चिमेला पळत असते. मी दोनदा झोपून उठले, बाहेर काळोखच.

जावईबुवा : आमचे सासरे समोरच्या पडद्यावर विमान नॉर्वेपाशी बघून म्हणाले, "हा वाट चुकला." अमेरिका पश्चिमेला, मग हा उत्तरेला कशाला चाललाय? घरी आल्यावर मुलाचा पृथ्वीगोल काढला आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला. दोरा आपसूक स्कँडिनेव्हियावरून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाकडून गेला. सर्वांत जवळची वाट तीच. भिंतीवरचा सपाट नकाशा फसवतो. अर्थात वारा आणि हवाई हद्दी बघून रोजचा मार्ग थोडा इकडेतिकडे सरकतो.

परतताना चौदा तासांतच मुंबई आली, तर सासऱ्यांच्या मते "हा ड्रायव्हर चांगला होता." खरं श्रेय वाऱ्याचं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो, हिवाळ्यात तर फारच. जाताना तो छातीवर, येताना पाठीवर. हे त्यांना अजून पटलेलं नाही.

डोंबिवलीकर : एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, त्यानंतरच्या महिन्यात मी गेलो. आधी अरबी समुद्रावरून वळसा, मग पुढची वाट. सोळा तासांवर भरवसा ठेवून न्यायला येणाऱ्यांना वेळ सांगू नका.

सूनबाई : सासूबाई इन्सुलिन घेतात. डॉक्टरांकडून दोन इंजेक्शनांमधलं अंतर तासांत लिहून घेतलं आणि त्यांच्या मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत मुंबईचंच ठेवलं. औषधं हातातल्या बॅगेतच हवीत. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागा. "मला काय झालंय?" असं त्या म्हणतील. ऐकू नका, इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहणं हे विमानापेक्षा जड जातं.

उलट्या दिशेचा : माझं आईंना वाचून दाखवू नका. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा इथे सकाळ होती. रात्रीच्या विमानात जागा मिळाली. पडद्यावर 'उरलेलं अंतर' दिसत होतं, दहा हजार, नऊ हजार आठशे... शेवटी तो बंद केला. शेजारच्या काकूंनी काही विचारलं नाही. मध्येच कधीतरी डबा उघडून एक दशमी माझ्या हातावर ठेवली. अंत्यदर्शन नाही मिळालं.

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. उलट्या दिशेचा, तुम्हाला काय लिहू ते सुचत नाहीये.

घरी पृथ्वीगोल नव्हता, म्हणून मोसंब्यावर दोरा ताणून व्हिडिओ कॉलवर दाखवला. आईने नीट बघितलं आणि बाबांना म्हणाली, "अहो, म्हणजे लांबूनच नेतात."