मदत हवी आहे: सिम्युलेटरमध्ये टेकऑफलाच विमान डावीकडे पळतं

उडाणटप्पू:
चार दिवस झाले, एकदाही हवेत गेलो नाही. थ्रॉटल (इंजिनाचा जोर) दिला की विमान डावीकडे वळतं, गिरकी घेतं, पंख घासला की खेळ खलास. "उजवा रडर (शेपटीवरचा नाक वळवणारा पडदा) द्या" सांगू नका, देतोय. वैताग आलाय.

जुना_जॉयस्टिक:
विमान कोणतं? सिम कोणतं?

उडाणटप्पू:
मेसरश्मिट बीएफ १०९च, दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन फायटर, अजून कोणतं! मॉडेल के-४, सिम डीसीएस.

पेडलवाली:
रडरचे पायाने दाबायचे पेडल आहेत का? नसतील तर आधी घ्या. ट्विस्ट स्टिकवर (पिळून रडर द्यायची जॉयस्टिक) रडर पिळताना मनगट आयलरॉनही (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या) हलवतं.

जुना_जॉयस्टिक:
झालं, पेडलपुराण सुरू. मी दोन वर्षं ट्विस्टवरच उडवतोय. सेटिंगमध्ये कर्व्ह लावा (म्हणजे थोड्या पिळण्याला रडर कमी हलतो), भागतं.

ग्रिफनवेडा:
माझं तर उजवीकडे पळतं. डावा रडर देऊन बघा.

जुना_जॉयस्टिक:
अहो, तुमचं ग्रिफन इंजिनवालं ब्रिटिश स्पिटफायर, त्याचा पंखा उलटा फिरतो. १०९चा कॉकपिटमधून बघता घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून नाक डावीकडे. त्यात चाकांचे पाय पंखांना नाही, धडाला जोडलेले, म्हणजे दोन चाकांत अंतर कमी. नवख्याला अजून गोंधळात टाकू नका.

ढगातला:
उतरताना धावपट्टीच्या तोंडाशी वेग ताशी २०० किमीच्या आसपास ठेवा, फ्लॅप पूर्ण.

पेडलवाली:
@ढगातला, तो अजून उडालाच नाहीये!
@उडाणटप्पू, थ्रॉटल कसा देता? शेपटीचं चाक लॉक करता का? टेकऑफ असिस्ट (सिमची आपोआप मदत) किती आहे?

उडाणटप्पू:
थ्रॉटल पूर्ण, एकदम. असिस्टला हात लावलेला नाही. लॉक म्हणजे?

पेडलवाली:
सापडलं! चार पावलं सरळ टॅक्सी करा, चाक सरळ झालं की लॉकचा लिव्हर लावा. असिस्ट शून्यावर आणा, नाहीतर तुमच्या रडरवर त्याचाही रडर, कोण काय करतंय कळतच नाही. स्टिक पोटाशी. थ्रॉटल हळूहळू वाढवा, रडरला पकड आली की मग उरलेला.

उडाणटप्पू:
लॉक लावलं, अर्धी धावपट्टी सरळ गेलो! मग शेपटी उचलायला स्टिक ढकलली, परत डावीकडे.

जुना_जॉयस्टिक:
ढकलायची नाहीच. पंखा जायरोसारखा (फिरत्या भोवऱ्यासारखा) वागतो, शेपटी झटक्यात उचलली की नाक आणखी डावीकडे जातं. स्टिक सैल सोडा, शेपटी आपली आपण वर येते.

ग्रिफनवेडा:
ग्रिफनमध्ये मग उजवीकडे ना?

जुना_जॉयस्टिक:
हो. वेगळा धागा काढा.