सेव्ह केलेलं कार्ड ॲपमधून काढताना काय काय अडतं? (अनुभव धागा)

भिजकी_छत्री
कार्डाची मुदत संपत आल्याचा बँकेचा मेसेज बघितला आणि 2022 चा सप्टेंबर आठवला. जिथे पैसे भरायला जावं तिथे 'आपलं कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सुरक्षित करा' असा चौकोन पुढे यायचा आणि घाईत सगळे टिचकी मारून मोकळे व्हायचे. त्या टिचक्या अजून जिवंत आहेत हो!

1 ऑक्टोबर 2022 पासून देशातल्या ॲपना आणि दुकानदारांना कार्डाचा पूर्ण नंबर ठेवता येत नाही. आपल्याला दिसतात शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव. पैसे जातात ते टोकनवर, म्हणजे कार्डाच्या खऱ्या नंबराऐवजी दिलेल्या बदली नंबरावर, आणि टोकन प्रत्येक ॲपचं वेगळं. एकच कार्ड दहा ठिकाणी असेल तर दहा टोकनं. एका ठिकाणाहून काढलं तरी बाकीची नऊ तशीच राहतात.

साधारण वाट अशी: प्रोफाइलचा गोल, पेमेंट मेथड्स किंवा सेव्ह्ड कार्ड्स, हवं ते कार्ड, तीन टिंबं किंवा कचऱ्याचा डबा, रिमूव्ह. मग ॲप पूर्ण बंद करून परत उघडा आणि कार्ड खरंच गेलंय का ते बघा. ॲप अनइन्स्टॉल करून काही होत नाही. कार्ड खात्याला जोडलेलं असतं, पुन्हा लॉगिन केलं की हजर.

तुम्हाला माहीत असलेल्या खाचाखोचा लिहा.

सुपलीभर
प्ले स्टोअरमध्ये रिमूव्ह दाबलं की नकार येतो. काय करायचं? (कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांनी परत येते)

लोकल_8_12
सुपलीभर ताई, त्या कार्डावर एखादं सबस्क्रिप्शन चालू असणार. प्रोफाइल फोटो, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, सबस्क्रिप्शन्स. एकेक उघडून पैसे कशातून जातात ते बदला. खाली बॅकअप पेमेंट मेथड असते, तिथेही तेच कार्ड चिकटलेलं असू शकतं. मग मागे येऊन पेमेंट मेथड्स, मोअर पेमेंट सेटिंग्ज. ब्राउझर उघडेल, तिथे रिमूव्ह. फोनमध्ये दोन गूगल खाती असतील तर वरचा फोटो आधी बघा. अर्ध्या वेळा माणूस चुकीच्या खात्यात शोधत असतो.

कोकमसार
मुख्य गोष्ट राहिली. कार्ड काढणं वेगळं आणि मॅन्डेट रद्द करणं वेगळं. दरमहा आपोआप जाणाऱ्या पैशांची परवानगी बँकेकडे स्वतंत्र नोंदलेली असते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये 'ई-मॅन्डेट' किंवा 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' शोधा. यूपीआयवरचं असेल तर यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे'. आधी तिथे रद्द, मग कार्ड काढा. उलटं केलं की पैसे अडतात पण सबस्क्रिप्शन चालूच राहतं, आणि थकबाकीचे मेसेज सुरू होतात.

पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते. तीतूनही तो हप्ता थांबवता येतो. पण ती सूचना कोण वाचतंय!

तिरपा_कटाक्ष
कर्जाच्या मेसेजांच्या ढिगात ती सूचना म्हणजे खिचडीतला खडा. दाताखाली आल्यावरच कळते.

आजीची_पेटी
😂 खिचडीवरून आठवलं, आज चतुर्थी ना? साबुदाणा भिजवायचा राहिला.

लोकल_8_12
आता भिजवलात तरी चंद्रोदयापर्यंत होईल काकू. पाणी बेताचं घाला.

भिजकी_छत्री
कोकमसार, अगदी बरोबर. ऑटोपेला ओटीपी कधी लागतो तेही लिहा ना.

कोकमसार
नोंदणी करताना लागतो. नंतर 15,000 पर्यंतचे हप्ते ओटीपीशिवाय जातात. आधी ही मर्यादा 5,000 होती, जून 2022 मध्ये वाढवली. म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना डिसेंबर 2023 पासून 1 लाख. म्हणून विम्याचं कार्ड काढताना दुसरं आधी नोंदवा. हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली तर उगाच डोक्याला ताप.

ढोकळाप्रेमी_ठाणेकर
रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर ते 'सेव्ह्ड कार्ड्स'मध्ये शोधत बसू नका. ते बँक खात्यांच्या यादीत असतं, तिथून अनलिंक करायचं. पुष्कळ जण एकीकडून काढतात आणि दुसरीकडे तसंच राहतं.

न्यूजर्सीतला_पोहा
इकडचं थोडं. आयफोनच्या वॉलेटमध्ये कार्ड उघडा, तीन टिंबं, कार्ड डिटेल्स, अगदी खाली रिमूव्ह कार्ड. घड्याळातलं कार्ड वेगळं असतं, ते वॉच ॲपमधून काढायचं. फोन हरवला तर फाइंड माय मधून 'लॉस्ट' करा, कार्डं तिथल्या तिथे थांबतात.

वस्तू परत करायची असेल तर आधी कार्ड काढू नका. पावतीवर खऱ्या कार्डाचे नाही, फोनमध्ये त्या कार्डाला मिळालेल्या वेगळ्या नंबरचे (डिव्हाइस नंबर) शेवटचे चार आकडे असतात. काउंटरवाला ते जुळवतो.

आणि कार्ड बदललं म्हणून सबस्क्रिप्शन थांबेल असं इकडे समजू नका. नवा नंबर कार्ड नेटवर्ककडून (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) दुकानदाराला आपोआप पोचू शकतो. भारतात टोकन नव्या कार्डाला जोडण्याआधी बँकेला तुमची स्पष्ट संमती घ्यावी लागते.

टेम्सकाठी
लंडनात ट्यूबला (तिथली भुयारी रेल्वे) फोन टॅप करून आत शिरलात तर बाहेर पडेपर्यंत वॉलेटला हात लावू नका. बाहेर पडताना तोच फोन लागतो, नाहीतर प्रवास अर्धवट धरून जास्तीत जास्त भाडं कापतात. तेच बँक कार्ड प्लास्टिकचं दाखवलंत तरी यंत्राला ते वेगळं कार्ड, दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादासुद्धा वेगळी मोजली जाते.

तिरपा_कटाक्ष
आमच्याकडे डोंबिवलीला फोन टॅप करायला हात वर यायला हवा ना. 😄

आजीची_पेटी
मला सांगा, कुठे कुठे कार्ड दिलंय तेच लक्षात नसेल तर?

कोकमसार
त्याची सोय आहे काकू. टोकन कोणाकोणाकडे आहे त्याची यादी दाखवणं आणि तिथूनच रद्द करू देणं बँकेला बंधनकारक आहे. मोबाईल ॲप, नेट बँकिंग, फोनवरची सेवा किंवा शाखा, यांपैकी कुठेतरी मिळतंच. मेन्यूत 'टोकनायझेशन' किंवा 'मॅनेज टोकन्स' शोधा. दहा ॲप उघडण्यापेक्षा हे सोपं. मात्र परदेशी साइट या यादीत सापडतीलच असं नाही. त्यांना आपला नियम लागू नाही, त्या पूर्ण नंबर ठेवू शकतात आणि ओटीपीशिवायही पैसे जाऊ शकतात. त्यासाठी कार्डाच्या सेटिंगमधला 'इंटरनॅशनल' बंद करून ठेवा. लागेल तेव्हा दहा मिनिटं चालू करायचा.

ढोकळाप्रेमी_ठाणेकर
जुना फोन विकणाऱ्यांनो, यूपीआय लाइट (छोट्या रकमांचं पिनशिवायचं पाकीट) आधी बंद करा! ती शिल्लक त्या फोनपुरती असते. 'डिसेबल' केलं की खात्यात परत जाते. फोन आधी पुसलात तर बँकेच्या मागे लागावं लागतं.

लोकल_8_12
आणि लॉकस्क्रीनवर मेसेज दिसणं बंद करा. सेव्ह केलेल्या कार्डाला बऱ्याच ठिकाणी सीव्हीव्ही (कार्डामागचे तीन आकडे) विचारत नाहीत, नुसत्या ओटीपीवर काम होतं. ओटीपी त्याच फोनवर झळकला तर कुलूप काय कामाचं? अनोळखी व्यवहार दिसला तर कार्ड काढत बसू नका. आधी ब्लॉक, मग 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, मग बँकेत लेखी तक्रार, तीही तीन कामकाजाच्या दिवसांत.

भिजकी_छत्री
रिफंड यायचा असेल तर? कार्ड काढल्यावर अडतो का?

कोकमसार
नाही. रिफंड मूळ कार्डाच्या खात्यावर जातो, ॲपमध्ये दिसो न दिसो. कार्डच बंद केलं असेल तर मात्र बँकेशी बोलावं लागतं. ऑर्डरचा नंबर आणि रिफंडचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा.

सुपलीभर
तीन शिट्ट्या झाल्या, कार्डही गेलं! बॅकअपमध्येच अडकलं होतं. लोकल_8_12, धन्यवाद.

आजीची_पेटी
साबुदाणा चिकट होतोय. दाण्याचं कूट आत्ताच घालू की फोडणीत?

सुपलीभर
आत्ताच, कोरडं. मीठसाखरही आत्ताच चोळून ठेवा.