वरचं दूध कधी नि कसं सुरू झालं? (अनुभव धागा)

शेंगापोळी
काल माळ्यावरची ट्रंक उपसताना चांदीचं बोंडलं सापडलं. काळं पडलेलं, चोचीत काहीतरी वाळून बसलेलं. एकदम 2009 चा मे आठवला. सोलापूरचं ऊन, लेक दोन महिन्यांची, दुपारभर किरकिर. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याला घसा सुकतोय, त्या जिवाला घोटभर पाणी नको?" बोंडल्यानं पाणी सुरू झालं. मग त्यात गुटी, मग साखर, मग निम्मं पाणी घातलेलं गाईचं दूध. चौथा महिना संपेतो लेक मला तोंडच लावेना.

इतकी वर्षं सासूबाईंच्या नावानं बोटं मोडली. पण बोंडलं हातात घेतल्यावर दुसरंच आठवलं. गाईचं दूध पहिल्यांदा दिलं त्या रात्री मी सलग पाच तास झोपले, आणि सकाळी मीच म्हणाले, आज पण द्या. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुमचं कसं झालं? लिहा, इथं कुणी अक्कल शिकवणार नाही.

मोगरा_७
आमच्याकडं पण सेम. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

चादरवाली
माझी अम्मा विड्या वळायची. मांडीवर तंबाखूचं सूप, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला. हजार विडी झाल्याशिवाय पूर्ण मजुरी नाही. धाकटा रडला की उठायचं, हात घासून धुवायचे, पाजायचं, परत बसायचं. तंबाखूचा हात बाळाला लावायचा कसा? आणि पाणी चार दिवसांनी येणार, हात किती वेळा धुवायचे? मग मला सांगायची, दे गं त्याला बिस्किट कुस्करून. मी आठ वर्षांची, तो तीन महिन्यांचा. अम्माला दूध नव्हतं असं नाही, पदर भिजलेला असायचा.

शेंगापोळी
@चादरवाली वाचून गप्पच झाले गं.

पांढरी_साडी
अक्कल शिकवू नका म्हटलंय, पण नर्सची सवय जात नाही. आईच्या दुधात 88 टक्के पाणीच असतं. सहा महिने वरून थेंबभर लागत नाही, सोलापूरच्या मेमध्येसुद्धा. वॉर्डात रोज ऐकते, "सिस्टर, पुरत नाही." बाळ दिवसात सहा-सात लंगोट ओले करतंय ना, वजन वाढतंय ना? मग पुरतंय. संध्याकाळी बाळं उगाच सारखी ओढतात, त्यालाच घरचे भूक समजतात. एक बाटली दिली की ओढणं कमी, ओढणं कमी की उतरणं कमी. मग खरंच पुरत नाही.

दीड_वाजता
बायकांच्या धाग्यात घुसतोय, माफी. सिझर झालेलं, दोन दिवस दूध उतरलं नाही. दवाखान्यातल्या एकानं चिठ्ठीवर दुधाच्या पावडरीच्या डब्याचं नाव लिहून दिलं. रात्री दीडला सात रस्त्याला उघडं मेडिकल शोधत फिरलो मी. डबा मिळाला तेव्हा काय भारी वाटलं, जणू गड जिंकला! नंतर कळलं की असल्या डब्यांच्या जाहिरातीला 1992 च्या कायद्यानं बंदी आहे. चिठ्ठीला काय म्हणायचं मग?

पांढरी_साडी
@दीड_वाजता सिझरला उशीर होतोच हो, तीन-चार दिवस. कुणीतरी नुसतं तेवढं सांगायला पाहिजे होतं.

नव्यापेठेतली
बोंडलं म्हणजे काय पण?

शेंगापोळी
चोच असलेली छोटी वाटी. आजीला विचार.

ताकपिठं
आमचं बोंडलं मोडून नणंदेचे पैंजण झाले. विषय काढला की अजून भांडणं होतात 😄

हिशेबवाली
2013. खाजगी नोकरी, रजा 12 आठवडे. 26 आठवडे झाली 2017 ला, तोवर माझा लेक शाळेत जाऊलालता. ऑफिसात अकराच्या सुमाराला ब्लाउज भिजायचा, बाथरूममध्ये जाऊन बेसिनमध्ये पिळून टाकायचे. पिळून वाटीत ठेवता येतं, घरी कुणी पाजू शकतं, हे कुणी सांगितलंच नाही. बाहेरून शिपाई दार वाजवायचा. पंधरा दिवसांत आटलं.

ताकपिठं
मला सव्वा महिना शेंगाचटणी दिली नाही, बाळाला बाधते म्हणे. सोलापुरात राहून शेंगाचटणी नाही! त्यापेक्षा डबा परवडला असं वाटायचं.

चादरवाली
@ताकपिठं आमच्यात लसणाची चालायची, दूध वाढतंय म्हणून. घरागणिक शास्त्र बे.

मोगरा_७
आले. माझं जरा उलटं. पहिले तीन दिवस चीक पाजूच दिला नाही, घाण असतोय म्हणून पिळून टाकला. मध चाटवला. चौथ्या दिवशी छातीला लावलं तर पोराला धरताच येईना, मला चिरा पडल्या, रक्त. आई म्हणाली सोस. मी महिनाभर सोसलं आणि सोडलं. आता वहिनीला आठवा चालू आहे, आईनं परवा मधाची बाटली आणून ठेवलीय. मी ती माझ्या पर्समध्ये घालून घरी घेऊन आले, आई शोधूलालीय अजून. थांबा, नळाला पाणी आलं, जाते.

नव्यापेठेतली
कुठं आलं पाणी? आमच्याकडं तर उद्या म्हणालेत.