मदत हवी आहे: तापमान २४ अंश, तरी आर्द्रता ७० टक्के

ग्रीन रेटिंगची कार्यालयीन इमारत आहे. दर मजल्याला एक एएचयू (हवा थंड करून खेळवणारं युनिट), ताजी हवा त्यातच मिसळते. वीज वाचावी म्हणून चिल्ड वॉटर (एएचयूत फिरणारं थंड पाणी) ७ ऐवजी १० अंशांवर ठेवलंय. पावसाळी हवेत लोकांना चिकट वाटतं, ते सेटपॉइंट (हवं ते तापमान) २२ वर नेतात. मग थंडी वाजते आणि आर्द्रतेचा आकडा उलट चढतो. आत दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) १५ च्या वर जाऊ द्यायचा नाही. वेगळा डीह्युमिडिफायर (हवा कोरडी करणारं यंत्र) घेण्याआधी काय तपासावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
गोची त्या १० अंशांतच आहे. तेवढ्या पाण्यावर कॉइलमधून (थंड पाण्याच्या नळ्यांच्या जाळीतून) निघणारी हवाच १५ अंशांच्या आसपास आणि जवळपास संपृक्त, म्हणजे वाफेने पूर्ण भरलेली असते. त्यात माणसांच्या घामाची, श्वासाची वाफ मिसळली की १५ चा दवबिंदू हुकलाच. (२४ अंशांना तो म्हणजे साधारण ५७ टक्के आर्द्रता.) आधी पाणी ७ वर आणा.

मोठा बोजा ताज्या हवेचा. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के असेल, तर ताशी १००० घनमीटर हवेमागे साडेबारा लिटरच्या आसपास पाणी काढावं लागतं. तापमान जुळलं की थंड पाण्याचा व्हॉल्व्ह मिटतो, पंखा मात्र फिरतच राहतो. कॉइलवरचं पाणी वाफ होऊन परत खोलीत. म्हणून ताज्या हवेला वेगळं युनिट द्या आणि तिथेच ती १२-१३ दवबिंदूपर्यंत कोरडी करा. डीह्युमिडिफायर त्यानंतरही लागला तरच.

प्रतिसाद २
त्याआधी सेन्सर तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला. मीठ पूर्ण विरघळलं तर चाचणी फुकट. झाकण आणि सेन्सर हवाबंद डब्यात रात्रभर एकाच तापमानाला ठेवा. आकडा ७५ यायला हवा.

मग ड्रेन (कॉइलखालच्या ट्रेमधलं पाणी बाहेर नेणारा पाइप) बघा. पंखा कॉइलच्या पलीकडे बसून तिच्यातून हवा ओढत असेल तर यू-ट्रॅप (पाणी साठून हवा अडवणारं पाइपाचं वळण) हवाच. तो कोरडा किंवा उथळ असला की बाहेरची हवा पाइपातून आत ओढली जाते, ट्रे तुंबतो आणि थेंब डक्टमध्ये उडतात.

धागाकर्ता
ट्रॅप कोरडाच निघाला! पण ७ अंशांवर वीज वाढेल ना?

प्रतिसाद १
वाढेल, पण कायम ७ ठेवायची गरज नाही. रीसेट (पाण्याचं तापमान आपोआप बदलणं) बाहेरच्या दवबिंदूला जोडा: तो १५ च्या वर असेल तेव्हाच ७, कोरड्या दिवसांत १०. आत दवबिंदू १५ च्या खाली टिकला की सेटपॉइंट २६ करून छताचे पंखे लावा, अंगावर सेकंदाला ०.६ मीटर वारा पुरे. २२ पर्यंत उतरायची वेळ येत नाही.