अभिलेखागारातील अनोळखी व्यक्तिचित्रे: नोंदीत नाव कधी लिहावे?

प्रश्न

सस्नेह नमस्कार. एका लहान अभिलेखागारातील जुन्या छायाचित्रांची सूची करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यातील एका पेटीत एकोणिसाव्या शतकातील व्यक्तिचित्रे आहेत. काही पुठ्ठ्यावर चिकटवलेली आहेत, काही धातूच्या पत्र्यावर आहेत आणि एकाही चेहऱ्याला मूळचे नाव नाही. एका चित्रामागे मात्र बॉलपेनने एका स्त्रीचे नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलेले आहे. तीच स्त्री आणखी दोन चित्रांत असावी असे मला वाटते आणि चेहरे जुळवणाऱ्या संगणक प्रणालीनेही तसाच कौल दिला. परंतु दोन चित्रांत तीळ डाव्या गालावर आहे आणि तिसऱ्यात उजव्या, म्हणून माझे सहकारी तिसरी स्त्री वेगळी मानतात. तिन्ही नोंदींत ते नाव लिहावे का? एखादा चेहरा निनावी ठेवून पुढच्या चित्राकडे वळणे मला जड जाते, म्हणून विचारत आहे.

पहिला प्रतिसाद

नावाकडे वळण्याआधी चित्र कशावर उमटले आहे ते पाहावे. १८३९ साली जाहीर झालेल्या डॅगेरोटाइप या छायाचित्रप्रकाराचा चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा चकाकतो आणि तिरका धरला की त्यातील उजळ भाग काळवंडलेले दिसू लागतात. १८५० च्या दशकात आलेला टिनटाइप, नावात कथील असले तरी, लोखंडी पत्र्यावरचा असतो, त्यामुळे लहान चुंबक त्याच्या मागच्या बाजूस हलकेच नेला तरी ओढ जाणवते. या दोन्ही प्रकारांत मधे निगेटिव्ह नसते, प्रतिमा थेट पत्र्यावर उतरते आणि म्हणून ती बहुधा आरशातल्यासारखी उलटी असते. आपले फक्त तिसरे चित्र पत्र्यावरचे असेल, तर तिळाची बाजू बदलणे हेच अपेक्षित आहे.

तिळाबद्दल आणखी एक सावधगिरी सांगतो. त्या काळचे कोलोडियन, म्हणजे काचेवर किंवा पत्र्यावर दिला जाणारा प्रकाश टिपणारा लेप, मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत असे. लाल आणि पिवळा रंग त्याला जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे त्वचेवरचे फिकट तांबूस ठिपकेसुद्धा गडद उमटतात, निळे डोळे पांढुरके दिसतात आणि लाल वस्त्र काळे भासते. काळा पोशाख पाहून ‘ही विधवा असावी’ असा तर्क अनेक सूचींत केलेला आढळतो. नुसत्या रंगावरून तो करू नये.

पुठ्ठ्यांच्या बाबतीत आकारावरून काळाचा अंदाज येतो. पॅरिसचे छायाचित्रकार दिझदेरी यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेले कार्त द व्हिझीत, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेले छोटे कागदी छायाचित्र, सुमारे ६ बाय १० सेंटिमीटरचे असते, तर १८६० च्या दशकात आलेले कॅबिनेट कार्ड सुमारे ११ बाय १६.५ सेंटिमीटरचे. मात्र हा काळ पुठ्ठ्याचा झाला. जुन्या डॅगेरोटाइपवरून पुढे कागदी प्रती काढून घेण्याची रीत होती, त्यामुळे चित्रातील व्यक्ती पुठ्ठ्याच्या आधी कितीतरी वर्षे कॅमेऱ्यासमोर बसलेली असू शकते.

दुसरा प्रतिसाद

माझे स्पष्ट मत असे की नाव लिहू नये, निदान शीर्षकात तरी लिहू नये. बॉलपेन विसाव्या शतकातले, म्हणजे ते नाव चित्र काढल्यानंतर अनेक दशकांनी कुणीतरी केलेला तर्क आहे आणि लिहिणाऱ्याने स्वतःच त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे. ते अक्षर पुसू नका. जसे आहे तसे, प्रश्नचिन्हासह, ‘मागील लेखन’ म्हणून उतरवून घ्या. शीर्षक आपण दिलेले आहे हे कळावे यासाठी ते चौकोनी कंसात लिहिण्याचा प्रघात आहे.

चेहरे जुळवणाऱ्या प्रणालीचा कौल आणखी जपून घ्यावा. तिला दिलेल्या चित्रांपैकी सर्वांत जवळचा चेहरा ती पुढे करते; खरी व्यक्ती त्या संचात नसेल, तरी कुणीतरी ‘जवळचे’ निघतेच. त्यातून बहिणी, मायलेकी आणि एकाच धाटणीची केशरचना करणाऱ्या परक्या स्त्रियाही जुळतात. चुकीचे नाव एकदा सूचीत गेले की तेथून वंशावळीत जाते, वंशावळीतून दुसऱ्या सूचीत आणि मग त्या दोन नोंदी एकमेकींचा पुरावा ठरतात. असे झालेले मी पाहिले आहे आणि ते निस्तरण्यात वर्षे गेली.

तिसरा प्रतिसाद

वरील मताशी मी सहमत आहे, पण नुसते थांबूनही चालणार नाही. फ्रान्समधील विन्याकूर गावी २०११ मध्ये पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या हजारो काचेच्या निगेटिव्ह एका माळ्यावर सापडल्या. त्या तुइलिए दांपत्याने काढलेल्या होत्या. सैनिकांमागे तोच रंगवलेला पडदा पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे इतरत्र जपलेल्या सुट्या छापील प्रतीही तेथल्याच असल्याचे ओळखता आले, आणि चित्रे प्रसिद्ध झाल्यावर काहींना त्यांच्या कुटुंबीयांनी ओळखले. म्हणून आपल्या पेटीतील पडदे, खुर्च्या, गालिचे आणि कठडे यांचीही नोंद ठेवा. चित्रांची मागची बाजू पुढच्या बाजूइतक्याच बारकाईने स्कॅन करा आणि अल्बममधून एकही चित्र काढण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या, कारण कोण कुणाशेजारी लावले होते ही माहिती एकदा मोडली की परत मिळत नाही.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज तिसरे चित्र पुन्हा पाहिले. चुंबकाला ओढ लागली, म्हणजे तो टिनटाइप आहे, आणि पहिली दोन कागदी कार्ते आहेत. सहकाऱ्यांचा आक्षेप त्यामुळे दूर झाला, पण तिघी एकच आहेत हे त्याने सिद्ध होत नाही, हेही आता नीट ध्यानात आले. पहिल्या कार्तात आणि टिनटाइपमध्ये एकाच नक्षीची खुर्ची दिसते, टिनटाइपमध्ये तीही उलटी, आणि तेवढे मी दोन्ही नोंदींत लिहिले आहे. तिन्ही नोंदींचे शीर्षक ‘[अनोळखी स्त्री]’ असेच ठेवले असून त्या एकमेकींना जोडल्या आहेत. बॉलपेनने लिहिलेले नाव फक्त त्याच्या मूळ चित्राच्या नोंदीत, प्रश्नचिन्हासह, उतरवले आहे. अल्बमची पाने उद्यापासून घेते.