ग्राइंडरवालं एस्प्रेसो मशीन : भाऊ अमेरिकेतून आणतोय, आणू दे का?

सदरबझार_सातारा

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं बंगळूरला नोकरी केली आणि गेल्या वर्षी आईसाठी साताऱ्याला परत आले. बाकी सगळं रुळलं, पण सकाळच्या कॉफीचं अजून जमलेलं नाही. तिथे ऑफिसच्या खालीच मिळायची. वर्षभर इथे गॅसवरच्या मोका पॉटवर भागवलं, आता मात्र मशीन घ्यायचंच ठरवलंय, आणि तेही ग्राइंडर आतच असलेलं.

आतच का, ते सांगते. ओट्यावर मिक्सर आणि खिडकी यांच्यामध्ये जेमतेम दीड फूट जागा आहे. वेगळा ग्राइंडर ठेवला तर पोळपाट ठेवायला जागा उरत नाही. हाताने फिरवायचा ग्राइंडर मैत्रिणीकडून आणून पाहिला. एस्प्रेसोइतकं बारीक दळायला खूप जोर लागतो. आईचा उजवा खांदा धरलेला आहे आणि मी बँकेत गेल्यावर तिला दुपारी तिची कॉफी स्वतः करून घ्यायची असते. तिची कॉफी म्हणजे भरपूर दूध, साखर आणि वरून जायफळ. ती मशीनवर व्हावी अशी माझी फार इच्छा आहे.

भाऊ न्यू जर्सीत असतो, दिवाळीला येतोय. ब्रेव्हिलचं बॅरिस्टा एक्सप्रेस त्याला तिथे सेलमध्ये दिसलंय. "बॅगेत बसतं, घेऊन येतो" म्हणतो. माझं बजेट ६५ हजारांपर्यंत आहे. आणू दे का? की इथेच घेऊ? आमच्याकडे नळाचं पाणी आहे, उन्हाळ्यात सोसायटीचं बोअरचं मिसळतात. गीझरची कॉइल दोनदा बदलली आहे, त्यावरून अंदाज घ्या.

कोयनाकाठ_कराड

आणू द्या बिनधास्त. माझ्या मेव्हण्याने तिकडचा मिक्सर आणलाय, ट्रान्सफॉर्मर लावून चार वर्षं चालवतोय. एकदाही बिघडला नाही. तिकडच्या सेलमध्ये पैसे वाचत असतील तर कशाला सोडायचं?

मोटरवाला_सांगली

ताई, आणू देऊ नका. माझा सांगलीत मोटर रिवाइंडिंगचा धंदा आहे, ३१ वर्षं झाली. दिवसभर शेतीपंपाच्या कॉइली भरतो आणि सकाळ-संध्याकाळ एस्प्रेसो पितो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

कराडच्या दादांचं मिक्सरपुरतं बरोबर आहे. मिक्सरला युनिव्हर्सल मोटर असते, तिला ५० हर्ट्झ काय आणि ६० काय, सारखंच. कॉफी मशीनचा पंप तसा नसतो. घरगुती मशीनमध्ये बहुतेक करून व्हायब्रेशन पंप असतो. एक कॉइल, तिच्या आत स्प्रिंगवर बसवलेला दांडा आणि एक डायोड. विजेच्या दर आवर्तनाला दांडा एक ठोका देतो. अमेरिकेत सेकंदाला ६० ठोके, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट करून देईल, पण आवर्तनं बदलून देणार नाही. पंप चालेल, पण ज्या हिशोबाने तो तिथे बसवलाय त्यापेक्षा कमी पाणी ढकलेल. शिवाय १६०० वॉटच्या आसपासच्या मशीनला निदान २ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो वजनदार लोखंडी ठोकळा तुमच्या त्या दीड फुटात कुठे ठेवणार? आणि मशीन बंद पडलं तर १२० व्होल्टचा हीटर किंवा पंप पुण्यात कोण देईल? भावाला सांगा, त्या पैशांत आईला काही दुसरं आण.

(इंग्लंड-युरोपात हीच मशीन्स 'सेज' नावाने विकतात आणि ती २३० व्होल्टची असतात. यूट्यूबवर नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका.)

आता मुख्य गोष्ट, आतल्या ग्राइंडरची. मी २०२१ ला तसलंच मशीन घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण घडलं त्यात चूक माझीच होती. जावई चिकमगळूरकडचे. त्यांच्या ओळखीच्या मळ्यातल्या बिया येतात, अंगणात वाळवलेल्या, तिथेच भाजलेल्या. चव अशी की दुसरी घ्यावीशी वाटत नाही. दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये एका सकाळी ग्राइंडर घूं करून थांबला. माझा हात सवयीने पुन्हा बटणावर गेला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दुकानात पोरांना मी रोज सांगतो की रोटर अडकला असेल तर सप्लाय देऊ नका, आणि घरी तेच केलं. तिसऱ्या वेळी आत काहीतरी कट्कन तुटलं.

वरचा दातेरी शंकू काढून पाहिला तर खडा. हरभऱ्याच्या डाळीएवढा, भाजून कॉफीच्याच रंगाचा झालेला. तो मी चिमट्याने काढला, पण गिअरबॉक्समधल्या प्लॅस्टिकच्या चाकाचे तीन दात गेले होते. सांगली-मिरजेत ते चाक कुठेच मिळालं नाही. शेवटी मशीन खोक्यात घालून एसटीने पुण्याला नेलं. २६ दिवसांनी परत आलं. खड्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, म्हणून पैसेही भरले. त्या २६ दिवसांत मशीनचा पंप ठणठणीत, बॉयलर ठणठणीत, वाफेची नळी ठणठणीत, आणि घरात कॉफी नाही. ग्राइंडर वेगळा असता तर तेवढाच पिशवीत घालून पाठवला असता आणि गावातून दळून आणून मशीन चालू ठेवलं असतं.

तरीही तुमची जागा आणि आईंचा खांदा बघता मी तुम्हाला आत ग्राइंडर असलेलंच घ्या म्हणेन. फक्त घेताना तीन गोष्टी विचारून घ्या. वरचा बर (म्हणजे दळणारा दातेरी शंकू) घरी हाताने काढता येतो का? सर्व्हिस पुण्यात कुठे, आणि ते मशीन घरून उचलून नेतात का? आणि ग्राइंडरचे सुटे भाग वेगळे विकत देतात का? दुकानदार १५ बार, १५ बार (म्हणजे पाण्याचा दाब) करत राहील. त्याला फार किंमत देऊ नका. एस्प्रेसो ९ बारच्या आसपास उतरतो, १५ हा आकडा पंपाच्या ताकदीचा.

पाण्याचं रात्री लिहितो. दुकानात मोटरी आल्यात.

वाईकर

माझ्या वडिलांसाठी आम्ही पूर्ण ऑटोमॅटिक घेतलं, डेलाँगीचं मॅग्निफिका. बटण दाबलं की तेच दळतं, तेच दाबतं, तेच ओततं. आतला ब्रू युनिट बाहेर काढून नळाखाली धुता येतो, आम्ही दर रविवारी धुतो. कॉफी वरच्या मशीनइतकी घट्ट येत नाही हे खरं, पण वडील ७८ वर्षांचे आहेत आणि कोणाची मदत न घेता करून पितात. तुमच्या आईंचा विचार करता हाही पर्याय बघा.

सदरबझार_सातारा

सगळ्यांचे आभार. भावाला रात्रीच फोन केला, तो थोडा हिरमुसला पण पटलं त्याला.

वाईकर, तुमचं वाचून मी खरंच दोन तास विचार करत बसले. आईला विचारलं तर म्हणाली, "मला बटण नको, मला येतं ते सगळं." तिला पावडरचं हँडल मशीनला लावायचं आहे, पावडर दाबायची आहे. तेव्हा हँडलवालंच.

मोटरवाला दादा, तुम्ही पाण्याचं लिहिणार होतात. आणि एक विचारायचं होतं : इथे सुपरमार्केटमध्ये मिळणारी चिकोरीची फिल्टर कॉफी पावडर यात चालेल का? आणि आमच्याकडे दूध म्हशीचं येतं, त्याला फेस येतो का?

मोटरवाला_सांगली

आधी पाणी, कारण मशीन पाण्यानेच मरतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर तुम्ही पाहिलाय तोच इथे बसतो, फरक इतकाच की इथे तो दिसत नाही. बॅरिस्टा एक्सप्रेससारख्या मशीनमध्ये पाणी धातूच्या ठोकळ्यात बसवलेल्या बारीक नळीतून जाता जाता तापतं. त्या नळीत हात जात नाही, ब्रश जात नाही. आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे पेनासारखं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असतं, ते एकदा मागून घ्या. माझ्या घरी बोअरचं पाणी ६०० च्या वर दाखवतं, आरओचं ३०. बोअरचं घातलं तर मशीन जातं. नुसतं आरओचं घातलं तर कॉफी पाणचट लागते, आणि इतकं हलकं पाणी धातूलाही चांगलं नाही. कॉफीवाल्यांचं जगभरचं प्रमाण १५० च्या आसपासचं आहे, ७५ ते २५० मध्ये चालतं. मी आरओच्या पाण्यात नळाचं पाणी मिसळून १२० वर आणतो आणि पाच लिटरचा कॅन भरून ठेवतो. दोन-अडीच महिन्यांनी डिस्केल करतो, म्हणजे आतला क्षार धुऊन काढतो. त्यासाठी काय वापरायचं ते तुमच्या मशीनच्या पुस्तकात बघा. काही कंपन्या लिंबूसत्व चालेल म्हणतात, काही त्यांचंच द्रावण वापरा म्हणतात.

चिकोरीची पावडर नको. ती फिल्टरच्या भांड्यासाठी दळलेली असते, मशीनमध्ये एक तर धो धो वाहून जाते नाहीतर चिखल होऊन अडते. आईंना ती चव आवडत असेल तर पितळेच्या फिल्टरमध्ये करा, छान होते. मशीनसाठी अख्ख्या बियाच घ्या, पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्या. एक आठवडा झाल्यावर उघडायच्या आणि महिना-दीड महिन्यात संपवायच्या. काळ्याकुट्ट, तेलाने चमकणाऱ्या घेऊ नका. ते तेल बरांना चिकटतं आणि पावडर तोंडाशी गोळा होऊन बसते. पावसाळ्यात तर जास्तच. साताऱ्याचा पाऊस मला माहीत आहे. जून ते सप्टेंबर वरच्या डब्यात दोन दिवसांपुरत्याच बिया घाला, बाकीच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. बिया वरून ओतायच्या असतात, म्हणून वरच्या कपाटापर्यंत हात जाईल इतकी जागा मोजून घ्या. वाफेने प्लायवूड फुगतं, तेही बघा.

आणि बिया निवडायच्या. खरंच सांगतो, तांदूळ निवडतो तशा. खड्याच्या प्रसंगानंतर आमच्याकडे नियमच झालाय. बायको पाकीट स्टीलच्या परातीत हळूहळू ओतते, मी शेजारी उभा राहून ऐकतो. बी पडली की खुळखुळ वाजते, खडा पडला की टण् होतं. दोन वर्षांत चार खडे सापडले. चारही एका डबीत ठेवलेत, दुकानातल्या पोरांना दाखवतो.

दळण कसं जमवायचं : सुरुवातीचे आठ-दहा दिवस कॉफी बिघडणार, घाबरू नका. मशीनबरोबर हँडलमध्ये बसवायच्या, पावडर भरायच्या दोन प्रकारच्या जाळ्या येतात. दुहेरी तळाची जाळी चूक झाकते, आईंना आधी ती द्या. तुम्ही एकेरी वापरा. दोन कपांच्या जाळीत १८ ग्रॅम पावडर, खाली ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत. मी छोटा डिजिटल काटा कपाखाली ठेवतो. धार काकवीसारखी यायला हवी, आधी गडद, मग तांबूस, मग सोनेरी. पांढुरकी व्हायला लागली की बंद. १५ सेकंदांत संपली तर दळण एक घर बारीक करा, थेंब थेंब पडत असेल तर जाड करा. बारीक करताना दळणाचा नॉब ग्राइंडर चालू असताना फिरवा, बंद असताना फिरवलं तर आतल्या दाण्यांवर बर रुततात. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि पावसाळ्यात त्याच आकड्यावर धार बदलते, ती मशीनची चूक नसते.

म्हशीचं दूध चालतं, मी तेच वापरतो. तापवून गार करा, साय पूर्ण काढा आणि फ्रीजमध्ये थंडगार होऊ द्या. साय राहिली तर तिचे तुकडे फेसात फिरतात. वाफेच्या नळीचं टोक आधी दुधाच्या पृष्ठभागाला लागून, चर्र आवाज यायला हवा, भांडं कोमट झालं की टोक जरा आत. हाताला चटका बसायला लागला की थांबा. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि क्षणभर वाफ सोडा, नाहीतर दूध आत ओढलं जाऊन वाळतं. जायफळ दुधात नका घालू, कप भरल्यावर वरून किसा. नळीच्या भोकात कण अडकतात.

हो, आणि इन्व्हर्टरवर लावू नका. घरगुती इन्व्हर्टरला तो भार झेपत नाही. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट असू दे, अर्थिंग तपासून घ्या. आणि खोकं थर्माकोलसकट माळ्यावर ठेवा. माझं खोकं होतं म्हणून दहा किलोचं मशीन एसटीत धड गेलं.

कोयनाकाठ_कराड

हर्ट्झचं डोक्यातच आलं नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो, ताई. मोटरवाला, टीडीएसचं मीही आज तपासतो, आमच्या केटलचा तळ पांढरा झालाय.

सदरबझार_सातारा

दादा, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. आईला खड्यांचं वाचून दाखवलं तर म्हणाली, "निवडायचं काम माझं." खांद्याला त्रास न होता बसून करता येईल असं काम मिळालं म्हणून खूश आहे.

एक विनंती आहे, चालत असेल तरच. पैसे घालण्याआधी आईने एकदा हँडल लावून बघावं असं वाटतं, खांद्याला झेपतं का ते. येत्या रविवारी आम्ही सांगलीच्या गणपतीला येणार आहोत, तिचा नवस आहे. अर्धा तास तुमच्याकडे आलो तर चालेल का?

मोटरवाला_सांगली

अहो, विचारता काय. या. तुम्हाला निरोपात पत्ता पाठवतो, मी विश्रामबागला राहतो, देवळापासून रिक्षाने या. हँडल फिरवायला जोर लागतो हे खरं, शेवटच्या टप्प्याला जास्त. मशीनच्या पुढच्या कडेला डावा हात धरून उजव्याने फिरवलं तर खांद्यावर कमी येतं, आईंना ते दाखवतो. नाहीच जमलं तर डाव्या हाताने करून बघू, माझी बायको तसंच करते.

दर्शन झालं की फोन करा, मी मशीन चालू करून ठेवतो. कप, हँडल सगळं तापायला वीसेक मिनिटं लागतात. चिकमगळूरचं पाकीट परवाच आलंय, अजून निवडलेलं नाही. जायफळ घरात आहे.